मासिएल रस्त्यावरचं वरचं बिऱ्हाड

एल्बियो फागुन्देसनं एकतीस वर्षं मोन्तेविदेओच्या जुन्या शहरात टपाल वाटलं. कुणाचा मुलगा स्पेनला गेला, कुणाला विमा कंपनीची पत्रं येतात आणि कुणाला कुणाचीच येत नाहीत, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. पण घरं मात्र त्यानं पाहिली ती दाराच्या चौकटीपुरती. उंच दुपाखी दार किलकिलं व्हायचं, आत देवडी दिसायची, देवडीत संगमरवराच्या चार पायऱ्या आणि वर रंगीत काचांचं आतलं दार. तोवर सही झालेली असायची, दारही लागलेलं असायचं. काचांच्या पलीकडं काय आहे ते एल्बियोला मनानंच रचावं लागायचं.

तसा तो रचायचाही. देवडीतून येणाऱ्या वासावरून, कुत्र्याच्या भुंकण्यावरून, वरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या मोज्यांवरून. रात्री जेवताना बायकोला सांगायचा, "तेरा अठरा नंबरच्या घराच्या आतल्या चौकात नक्की कारंजं असणार. पाण्याचा आवाज येतो."

"नळ गळत असेल," इर्मा म्हणायची. "तुला पगार पत्रं वाटायचा मिळतो की नाक खुपसायचा?"

नाक तो खुपसत नव्हता. पोस्टमननं बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम त्यानं जन्मभर पाळला. एकदाच आत जायची वेळ आली. सांताना बाईंना तार वाचून भोवळ आली, तेव्हा त्यांना उचलून आतल्या कोचावर निजवावं लागलं. घरी आल्यावर इर्मानं विचारलं, "कशा आहेत बिचाऱ्या?" तर हा म्हणाला, "अगं, चौकात लिंबाचं झाड आहे! कुंडीत नाही, जमिनीत!" सांताना बाईंना जुळी नातवंडं झाली होती, भोवळ आनंदाची होती. पण इर्मा त्यानंतर दोन दिवस एल्बियोशी बोलली नाही.

या सगळ्या घरांत एक घर त्याच्या डोक्यात घर करून होतं. मासिएल रस्त्यावरचं तेरा सव्वीस. त्याच्या दाराला पत्रांसाठी पितळी फट होती. एल्बियोनं पत्राचं टोक फटीत घातलं की ते आतून कुणीतरी ओढून घ्यायचं. अलगद, पण ठामपणे. बेल नाही, हाक नाही, पावलांचा आवाज नाही. पंधरा वर्षं हे असंच चाललं. पत्रांवर नाव असायचं कुमारी निदिया लार्रामेंदी, नाहीतर सी. लार्रामेंदी. एल्बियोनं सगळे प्रयोग करून पाहिले. वेळ बदलून गेला, चवड्यांवर चालत गेला, एकदा तर समोरच्या फुटपाथवरून वळसा घालून आला. तरी पत्र ओढलं जायचंच. "सुप्रभात" म्हणून पाहिलं, उत्तर नाही. एकदा त्याला खोडी काढावीशी वाटली. पत्राचं टोक त्यानं सोडलंच नाही. आतून ओढ आली, यानं धरून ठेवलं. मग आतून दोन छोटे हिसके आले, टुक टुक, जणू कुणी म्हणावं, 'अहो, सोडा आता.' एल्बियो रस्त्यातच खो खो हसला.

"शिकवलेलं माकड असेल," इर्मानं निकाल दिला.

पुढं एल्बियो निवृत्त झाला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात इर्मा फुफ्फुसाच्या आजारानं गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मालवीन भागात, सहाव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो एकटा उरला. मुलगी रोसाना माल्दोनादोला असायची. ती दर आठवड्याला फोन करून "बाबा, इकडे ये" म्हणायची आणि हा दर आठवड्याला "बघू" म्हणायचा. सकाळी मात्र माते नावाचा तिकडचा कडवट चहा प्यायचा, थर्मास काखेत मारायचा आणि बस पकडून जुन्या शहरात यायचा. आपला जुना रस्ता, जुन्या क्रमानं, रिकाम्या हातानं फिरायचा. दुकानदार चेष्टा करायचे, "काय फागुन्देस, आमची पत्रं हरवली की तुम्ही?"

अशी चार वर्षं गेली. मार्चमधल्या एका सकाळी तेरा सव्वीसच्या गॅलरीत पुठ्ठ्याची पाटी दिसली: 'वरचा मजला भाड्यानं. चौकशी आत.'

आत! एल्बियो त्या शब्दाकडं किती वेळ पाहत राहिला कोण जाणे. मग त्यानं शर्ट नीट खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दाराची बेल वाजवली.

दार उघडलं ते काठीसारख्या ताठ, पंच्याहत्तरीच्या बाईंनी. चष्मा साखळीला, केस पांढरे आणि कापलेले.

"वरच्या जागेची पाटी पाहिली, दोन्या," एल्बियो म्हणाला. तिकडं बाईंना आदरानं दोन्या म्हणतात.

"पाटी मीही रोज पाहते. तुम्ही कोण?"

"फागुन्देस. एल्बियो फागुन्देस. निवृत्त आहे."

"कशातून?"

इथं एल्बियो अडखळला. का ते त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही. पोस्टमन म्हटलं की हे दार पुन्हा टपालापुरतंच उघडेल, असं काहीतरी वाटलं असावं. "सरकारी नोकरीतून," तो म्हणाला.

"बायको-मुलं?"

"मुलगी माल्दोनादोला. बायको वारली."

"वाईट झालं. पण एकट्या पुरुषाला मी जागा देत नाही. एकटा पुरुष रोज तळण काढतो आणि रविवारी रडतो. तळणाचा वास जिन्यात राहतो आणि रडणं माझ्या डोक्यावर."

"तळण मला मानवत नाही."

"आणि रडणं?"

"ते मी चालता चालता उरकतो."

दोन्या निदियांनी, म्हणजे पत्रांवरच्या त्या कुमारी लार्रामेंदींनी, चष्मा डोळ्यांवर चढवला, त्याला नखशिखांत पाहिलं आणि दार पुरतं उघडलं. "बघून जा. बघायला हरकत नाही. देईन असं मात्र म्हटलेलं नाही."

एल्बियोनं उंबरा ओलांडला. चार पायऱ्या चढला. रंगीत काचांचं दार निदियाबाईंनी ढकललं आणि त्याचे पाय जागीच थांबले. समोर फळ्यांची जमीन असलेला मोठा चौक होता. चौकाभोवती खोल्या, त्यांच्यावर वरच्या मजल्याचा लोखंडी कठडा, आणि सगळ्याच्या वर, पार उंचावर, काचेचं छप्पर. काचा लोखंडी चौकटीत बसवलेल्या, चौकट रुळांवर, आणि भिंतीला ती सरकवायचं हँडल. त्या दिवशी छप्पर अर्धं उघडं होतं. चौकात उन्हाचा एक चौकोन पडला होता आणि त्यात वीसेक खुर्च्या उलट्यासुलट्या ठेवल्या होत्या, काहींची वेताची बैठक फाटलेली, काहींची नुकती विणलेली.

एवढी वर्षं मनात दाबलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं. "ही पायरी डाव्याच बाजूला का झिजलीये? तो खांब हिरवा आणि हा तपकिरी, असं का? ते भिंतीत चिणलेलं दार कुठं जायचं? छप्पर कुणी बसवलं? खुर्च्या कुणाच्या?"

"थांबा!" निदियाबाईंनी हात वर केला. "तुम्ही दलाल आहात का?"

"छे हो."

"नगरपालिकेचे?"

"नाही, नाही."

"मग माझ्या भाच्यानं पाठवलंय तुम्हाला. घर विका म्हणून मागं लागलाय तो."

"कुठला भाचा? काय करतो तो?"

"परत प्रश्न! घर बघायला आलात की घराची उलटतपासणी घ्यायला? असा भाडेकरू मला नको. या तुम्ही."

एल्बियोनं मान खाली घातली. चूक त्याचीच होती. तो परत फिरला आणि चौकाच्या कडेनं दाराकडं चालू लागला. जाताना दिसलं की खुर्च्यांच्या गर्दीत एक म्हातारा त्यांच्याकडं पाठ करून बुटक्या स्टुलावर बसलाय, अनवाणी, गुडघ्यात खुर्ची धरून वेत ओवतोय. एवढी बोलाचाली झाली तरी त्यानं वळून पाहिलं नव्हतं. पण एल्बियो फळ्यांवरून चार पावलं चालला, आणि म्हाताऱ्याचे हात थांबले. त्यानं मान वळवली नाही. फक्त डावा हात मागं केला, तळवा वर, चार बोटं किंचित वाकवलेली. आणि तसाच धरून ठेवला.

"हे काय करतोय हा?" निदियाबाई पुटपुटल्या. "सेलेस्तिनो, माझा भाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. पण हात असा का..."

एल्बियोनं घाईघाईनं खिसे चाचपले. औषधांच्या दुकानाची पावती निघाली. ती त्यानं लांबट घडी करून त्या बोटांत टेकवली आणि आपलं टोक सोडलं नाही. बोटं मिटली. ओढ आली, अलगद पण ठाम. एल्बियोनं धरून ठेवलं. मग दोन छोटे हिसके. टुक टुक.

सेलेस्तिनो वळला. पिंगट डोळ्यांचा, दोन दिवसांची दाढी वाढलेला, सत्तरीचा माणूस. मग तो तोंड उघडून निःशब्द हसायला लागला. खांदे गदागदा हलले, मांडीवरची खुर्ची खाली पडली.

"तुम्ही पोस्टमन!" निदियाबाई म्हणाल्या.

"होतो."

"आणि मला म्हणालात सरकारी नोकरी."

"सरकारीच होती ना."

"मी छत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, फागुन्देस. अर्धं उत्तर मला लांबून ओळखू येतं." त्यांनी चष्मा उतरवला. "अठ्ठ्याण्णव साली माझं पेन्शनचं पत्र भिजून आलं होतं."

"त्या दिवशी मीही भिजूनच आलो होतो, दोन्या."

निदियाबाई हसल्या नाहीत, पण स्वयंपाकघरात गेल्या आणि मातेसाठी पाणी ठेवलं. जागा मिळाली हे एल्बियोला त्यावरून कळलं.

भाड्याची हमी देणारं सरकारी जामीनपत्र आलं, करार झाला. छापील सात कलमांखाली निदियाबाईंनी आपल्या सुबक अक्षरात दोन घातली. आठवं: काचेचं छप्पर सकाळी उघडायचं आणि पाऊस आला की बंद करायचं, हे काम भाडेकरूचं, कारण मालकिणीच्या खांद्याला आता हँडल पेलत नाही. नववं: भाडेकरू घराविषयी दिवसाला दोनच प्रश्न विचारील.

"दोन फार कमी होतात," एल्बियोनं घासाघीस करून पाहिली.

"मग एक लिहू?"

त्यानं सही केली.

रोसाना फोनवर ओरडली, "बाबा, जुन्या शहरात बिऱ्हाड? जिना किती पायऱ्यांचा आहे?"

"चोवीस."

"आणि तुझे धड गुडघे किती?"

"दीड. पण ऐक ना, इथं भिंतीत एक दार चिणलंय—"

"बाबा!"

आयुष्यभर एल्बियोनं अंदाज बांधले होते, आता त्याला उत्तरं मिळू लागली. पण मोजून मापून. रात्री अंथरुणावर पडून तो उद्याचे दोन प्रश्न ठरवायचा. पहिला प्रश्न त्या चिणलेल्या दाराचा होता.

"माझे आजोबा आणि त्यांचा भाऊ भांडले," निदियाबाईंनी शेंगा सोलता सोलता सांगितलं. "तेव्हा घराचे दोन भाग झाले. पलीकडचं तेरा तीस म्हणजे याच घराचा उरलेला अर्धा भाग."

"कशावरून भांडले?"

"पियानोवरून."

"वाजवायचं कोण?"

"कुणालाच येत नव्हता. आणि हा तिसरा प्रश्न झाला, उद्याचा एक कापला."

पायरी डावीकडं झिजली होती, कारण निदियाबाईंचे वडील दातांचे डॉक्टर होते आणि उजव्या बाजूला रांगेतली माणसं बसायची. एक खांब हिरवा होता, कारण रंग संपला आणि नंतर तो रंग पुन्हा कुठं मिळाला नाही. एवढं साधं. एल्बियोनं त्या खांबासाठी मनात काय काय रचलं होतं! थोडा हिरमुसला, पण संध्याकाळी त्याला वाटलं, रंग संपला ही गोष्ट आपल्याला काही सुचली नसती.

सेलेस्तिनोच्या बाबतीत कलम नऊ लागू नव्हतं. त्याच्याशी बोलायचं तर खुणा शिकायला हव्या होत्या. घरातल्याच खुणा होत्या त्या, भावा-बहिणीनं लहानपणी केलेल्या. हवेत त्रिकोण काढला की निदियाबाई. नाक चिमटीत धरलं की भाचा. एल्बियोसाठी त्यानं नवी खूण केली, दोन बोटांनी हवेत दोन हिसके. एल्बियो रोज दुपारी त्याच्याजवळ बसून वेत भिजवायचा आणि शिकायचा. महिनाभरानं त्याला एक लांबलचक प्रश्न मांडता आला: मी आलोय हे तुला कळायचं कसं?

सेलेस्तिनोनं त्याचे बूट-मोजे काढायला लावले. हाताला धरून देवडीत नेलं आणि दाराशेजारच्या फळीवर पाय ठेवायला लावला. निदियाबाईंना रस्त्यावर धाडलं. त्या दारापर्यंत चालत आल्या, आणि एल्बियोच्या तळव्याला प्रत्येक पाऊल लागलं. देवडीखाली पावसाचं पाणी साठवायचा जुना हौद होता, आता कोरडा. वरची जमीन ढोलासारखी घुमायची. निदियाबाई सकाळी शाळेत, सेलेस्तिनोला बेल ऐकू यायची नाही, टपाल आलं तरी कळायचं नाही. म्हणून तो खुर्ची घेऊन देवडीत विणत बसायचा, अनवाणी पाय फळीवर. एल्बियोच्या खांद्याला पिशवी असायची, त्यामुळं त्याचं डावं पाऊल जड पडायचं. पिशवी गेली, पण चाल तशीच राहिली.

मग सेलेस्तिनोनं आपली बाजू सांगितली. पंधरा वर्षं त्यानं फटीतून फक्त दोन बोटं आणि बाहीचं टोक पाहिलं होतं. त्यावरून त्यानंही एक माणूस रचला होता. पोट पुढं, मिशा जाड, सहा मुलं, फुटबॉल बघताना रडणारा. एल्बियोनं आपल्या सपाट पोटावर हात फिरवला आणि एकच बोट वर केलं, एक मुलगी. सेलेस्तिनोनं खिन्नपणे मान हलवली. त्याला तो जाड्या आवडत होता.

दीड वर्ष असं गेलं. ऑगस्टच्या शेवटाला सांता रोसाचं, म्हणजे त्या संत बाईंच्या सणाच्या सुमाराचं, वादळ यायचंच असतं. त्या वर्षी ते चार वाजता आलं. सकाळपासून उकाडा होता म्हणून छप्पर पुरतं उघडं होतं. दक्षिणेकडून आभाळ शाईसारखं झालं. एल्बियो धावत हँडलपाशी गेला, तीन फेरे फिरवले आणि वर खाडकन आवाज झाला. साखळी तुटून चौकात पडली.

"खुर्च्या!" निदियाबाई किंचाळल्या. खाली तीस खुर्च्या होत्या, एका हॉटेलच्या, परवा द्यायच्या.

"मी वर जातो," एल्बियो म्हणाला. "हातानं ढकलतो."

"गुडघे बघा आधी स्वतःचे!"

पण तो गेला होता. गच्चीच्या जिन्यानं वर, मग लोखंडी शिडीनं छपराच्या कडेला. वाऱ्यानं शर्ट फुगला. त्यानं चौकटीला हात घातला, मान वर केली, आणि विसरला कशासाठी आलोय ते.

तिथून अख्खा मोहल्ला आतून दिसत होता. तेरा अठराचा चौक, त्यात खरंच कारंजं होतं, मध्ये दगडी मासा! सांताना बाईंचं लिंबाचं झाड आता गच्चीच्या वर आलं होतं. तेरा तीसच्या चौकात कोंबड्या, जुन्या शहराच्या भर मध्यात कोंबड्या, आणि एक बाई त्यांना टोपलीखाली कोंडत धावत होती. एका घराचा चौक दिसतच नव्हता, तिथं कुणीतरी होडी बांधत होतं, बाहेर कशी काढणार देव जाणे. ज्या दारांशी तो एकतीस वर्षं थांबला, ती सगळी घरं त्याच्यापुढं झाकणं काढलेल्या डब्यांसारखी पडली होती. पहिले थेंब त्याच्या तोंडावर आले तरी तो पाहतच होता.

"फागुन्देस! काय करताय?"

"दोन्या, कारंजं आहे! इर्माला सांगितलं होतं मी!"

"छप्पर ओढा, वेड्या माणसा!"

तेवढ्यात शिडीवरून सेलेस्तिनो वर आला. त्यानंही एकदा चौफेर नजर टाकली, हसला, आणि एल्बियोच्या खांद्यावर थाप मारून चौकटीकडं बोट दाखवलं. दोघांनी मिळून रेटलं. गंजलेली चाकं कुरकुरत रुळांवरून सरकली आणि चौकट बसली, तेव्हा पाऊस आडवा मारत होता. खुर्च्या वाचल्या. उतरताना मात्र एल्बियोचा पाय ओल्या पायरीवरून सटकला आणि धड गुडघाही गेला.

डॉक्टरांनी सुजलेला गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, "कितव्या मजल्यावर राहता?" उत्तर ऐकून म्हणाले, "आता नाही."

रोसाना शनिवारी गाडी घेऊन आली. तिनं वाद घातला नाही, फक्त वर जाऊन बॅगा भरायला घेतल्या. एल्बियो चौकात पाय लांब करून बसला होता. निदियाबाईंनी खुणांनी भावाला सांगितलं: तो चाललाय, मुलीकडं, जिन्यामुळं.

सेलेस्तिनो उठला. रस्त्याच्या बाजूची खोली, जिथं पूर्वी वडील दात काढायचे आणि आता तयार खुर्च्या रचलेल्या असायच्या, तिचं दार त्यानं सताड उघडलं. आणि एकेक खुर्ची बाहेर आणायला सुरुवात केली. चार, आठ, बारा. चौक भरला, मग तो देवडीत लावू लागला. रोसाना बॅग घेऊन जिन्यावरून उतरली ती खुर्च्यांपुढं अडली. दाराकडं जायला वाटच उरली नव्हती.

"हे काय चाललंय?" तिनं विचारलं.

"खोली रिकामी करतोय," निदियाबाई म्हणाल्या. "मी सांगितलेलं नाही. त्याचं त्यानं ठरवलं."

"कुणासाठी?"

सेलेस्तिनोनं घाम पुसला, एल्बियोकडं पाहिलं आणि हवेत दोन हिसके दिले.

रोसानानं बापाकडं पाहिलं. तो आपल्या गुडघ्याकडं बघत होता, आणि त्याची हनुवटी थरथरत होती. "बाबा, तू चालताना रडतोस ना? आता तर चालताही येत नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच डोळे पुसत बॅग खाली ठेवली. "त्या खोलीत मोरी आहे का, दोन्या? गरम पाणी?"

"दातांच्या डॉक्टरची खोली आहे, बाई. नळ तीन आहेत."

सप्टेंबरच्या एकोणतीस तारखेला रोसाना पुन्हा आली. दर एकोणतिसाला बटाट्याचे नोकी, म्हणजे उकडलेले छोटे गोळे, करायचे, ही रीत त्या घरीही होती. चौघांनी मिळून केले. जाताना तिनं मोडक्या बैठकीची एक खुर्ची सेलेस्तिनोकडं टाकली आणि पुढच्या महिन्यात न्यायला येईन म्हणाली.

वरच्या मजल्याची पाटी पुन्हा लागली. आता येणाऱ्यांना एल्बियोच जागा दाखवायचा, म्हणजे खालून काठीनं दाखवायचा आणि लोक वर जाऊन यायचे. बरेच आले, गेले. शेवटी ताकुआरेम्बोकडची एक सुईण आली, एलोइसा तेचेरा, तिशीची, डोळ्यांत रात्रपाळीची झोप. वर जाऊन आली आणि म्हणाली, "मला चालेल."

"काही विचारायचं नाही?" एल्बियोनं आशेनं विचारलं.

"पाणी येतं ना? मग झालं."

ती गेल्यावर एल्बियो म्हणाला, "दोन्या, ही नको. तिला कशाचंच काही वाटत नाही. छताकडं वर मान करूनसुद्धा पाहिलं नाही तिनं."

"म्हणूनच मला ती पसंत आहे," निदियाबाई म्हणाल्या आणि करार काढला.

एलोइसा राहायला आली. पहाटे जायची, दुपारी यायची, गुडघाबिडघा दुखला तर लेप आणून द्यायची, पण बोलायची मोजकंच. फक्त एक होतं. सुट्टीच्या दिवशी ती एक लांब काळी पिशवी खांद्याला लावून बाहेर पडायची आणि चार तासांनी परत यायची. पिशवी माणसाच्या उंचीची. एल्बियोनं पहिल्या आठवड्यात ठरवलं की बासरीसारखं काहीतरी वाद्य असणार. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, नकाशे. सेलेस्तिनोचं म्हणणं तलवार. निदियाबाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पिशवीत डोकावू नये," आणि मग हळूच, "वाद्य असतं तर वरून आवाज आला नसता का?"

तिसऱ्या रविवारी एल्बियोला राहवलं नाही. एलोइसा चौकातून निघाली तशी त्यानं काठी आडवी धरली. "माफ कर, पोरी. पण मी म्हातारा माणूस, आता जास्त दिवस तग धरणार नाही. त्यात काय आहे?"

एलोइसानं त्याच्याकडं पाहिलं, मग खांबाआडून डोकावणाऱ्या सेलेस्तिनोकडं, मग स्वयंपाकघराच्या दाराशी उगाच फडकं झटकणाऱ्या निदियाबाईंकडं. ती पहिल्यांदाच मोकळं हसली. पिशवीची चेन उघडून तिनं तीन तुकड्यांची गळाची काठी बाहेर काढली. "वडिलांची आहे. ते नदीत गळ टाकायचे, मी बंदराच्या धक्क्यावरून टाकते. कोर्विना लागतात कधीकधी. येताय?"

"मी? या गुडघ्यानं?"

"धक्क्यापर्यंत बस जाते. पुढं बसायचंच असतं."

त्या दिवशी एल्बियो आणि सेलेस्तिनो तिच्यासोबत गेले. वारा होता, समोर बोटी होत्या, धक्क्यावर ओळीनं माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या डब्यात काय आहे ते एल्बियोनं जाता जाता पाहून घेतलं. दोन कोर्विना मिळाल्या. निदियाबाईंनी त्या ओट्यावर घेऊन खवले काढले आणि गळाला काय लावलं, पाणी किती खोल आहे, एवढा वेळ माणसं नुसती बसून काय बोलतात, असं काय काय विचारलं. पुढच्या रविवारी त्या टोपी घालून, सेलेस्तिनोनं विणलेली घडीची खुर्ची घेऊन दारात सगळ्यांच्या आधी उभ्या होत्या.